राउटर की पेपर: गिटारच्या बॉडीमागची जुनी गोष्ट

बेळगावात कुणी हौसेनं इलेक्ट्रिक गिटारची बॉडी करायला काढली, की सुताराशी पहिली बोलाचाली यावरूनच होते. पोरगं व्हिडिओ बघून आलेलं असतं, त्याला राउटर हवा, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड कोरणारं विजेचं यंत्र. सुतार म्हणतो, "राउटर कशाला वो, सँडपेपर मारून कडेला गोलाई आणूया की." पोराला ते जुनाट वाटतं. मला सुताराचं निम्मं पटतं.

दोघांत पेपर वयानं मोठा. अमेरिकेत व्हर्मॉंटच्या आयझॅक फिशर यांनी सँडपेपर बनवण्याचं पेटंट १८३४ साली घेतलं. हातात धरून चालवायचा विजेचा राउटर यायला पहिलं महायुद्ध उजाडलं. सिराक्यूजच्या आर. एल. कार्टर यांनी न्हाव्याच्या विजेच्या यंत्राची मोटर घेऊन तो केला, असं सांगतात. तरी गिटारवाल्यांना त्याची मोठी निकड नव्हती. पोकळ गिटारच्या बाजू गरम करून वाकवायच्या असतात, वरची फळी रंध्यानं पातळ करायची असते.

निकड निर्माण केली ती लिओ फेंडर यांनी. हा गृहस्थ मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. बॉडी म्हणजे जेमतेम ४५ मिलिमीटर जाडीची फळी. बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या करवतीवर, ढोबळ कापायची, खाली साचा बसवायचा आणि पिन राउटरवर फिरवायची. टेबलातून वर आलेली खुंटी साच्याच्या कडेला टेकून चालते आणि वरचं पातं लाकडात तीच वाट कापत जातं. मानेची खाच प्रत्येक बॉडीत एकाच मापाची आली, म्हणून एका गिटारची मान काढून दुसरीला स्क्रूनं बसवता आली. राउटरची खरी कमाई ही. कडेची गोलाई त्याच्याकडून झाली तो वरकड फायदा.

मग १९५४ साली फेंडर यांचीच स्ट्रॅटोकास्टर गिटार आली, पोटाशी खोलगट आणि हात टेकायच्या जागी उतरती. खुंटीवर चालणाऱ्या राउटरला सपाट साचा कळतो, असे उतार कळत नाहीत. ते बँडसॉवर कापून सँडरवर, म्हणजे पेपर फिरवणाऱ्या यंत्रावर, घासले जात, हाताच्या अंदाजानं. म्हणूनच जुन्या स्ट्रॅटचे उतार तंतोतंत जुळत नाहीत, आणि १९७० च्या दशकातले तर चांगलेच उथळ दिसतात. गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारचंही असंच. फुगीर माथा यंत्रानं साच्यावरून कोरायचा, मग पट्ट्याच्या सँडरवर माणसानं घासायचा.

आता आपल्याकडचं. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांमुळे, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांमुळे, बेळगावात पॅटर्न करणारे सुतार आहेत. वाळूत ठसा उमटवायला लागणारा लाकडी पॅटर्न ते करतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न साधारण एक टक्का मोठा धरायचा. वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. इतकं मापाचं काम, पण आतल्या कोपऱ्याची गोलाई शेवटी पेपरवरच उतरते. पेपरचा हट्ट धरणारा सुतार बहुधा याच वळणाचा निघतो.

रेल्वेनं दोन-तीन तासांवर मिरज. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं साच्याचा प्रश्नच वेगळा, कारण सतारीचा भोपळा शेतात पिकतो आणि दोन भोपळे सारखे येत नाहीत. ज्या भोपळ्यावर बसायचं त्याच्या तोंडाप्रमाणे लाकूड तासावं लागतं. तिथं राउटरचा साचा कशाच्या मापानं काढणार?

लाकडाचंही म्हणणं असतं. जुन्या दाराच्या सागवानाची बॉडी करायचा मोह इथं हमखास होतो. सागवानात सिलिका असते, साधं पातं लवकर बोथट होतं आणि बोथट पातं लाकूड जाळतं. कार्बाइडचं पातं लावा, नाहीतर कडेला ढलप्या उडतील. पेपरही सुटत नाही, सागाच्या तेलानं तो भरतो. खानापूर-लोंढ्याच्या रानातली शिसवी १९६० च्या दशकाअखेरीस ब्राझीलच्या लाकडाची आवक आटल्यावर जगभरच्या गिटारांत गेली. तिचा भुसा अनेकांच्या अंगाला खाजवतो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली कर्करोगकारक ठरवलं, तेव्हा पेपर मारायचा तर तोंडावर नुसता रुमाल बांधून भागत नाही.

अलीकडे कुणीतरी सुचवतंच: उद्यमबागेत एवढी व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशिनं आहेत, त्यांवर का नको? लोखंड कापणारा लाकूड म्हटलं की मान हलवतो. भुसा कूलंटमध्ये, म्हणजे पातं थंड ठेवणाऱ्या पाण्यात, गेला की लगदा होतो आणि पंप तुंबतो. एखाद्यानं रविवारी मशीन कोरडं चालवून बॉडी कापून दिलीच, तरी गोल टोकाच्या पात्याच्या बारीक रेघा उतारांवर उरतात. त्या घालवायला १२० नंबरचा पेपर घेऊन पोरगं परत त्याच सुताराच्या दारात.