‘बजेट कापलं तरी वॉर्डात फरक पडत नाही’ : एक खुलासा

सार्वजनिक आरोग्याच्या निधीला कात्री लागली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘कपात फक्त कार्यालयीन खर्चात आहे, डॉक्टर-नर्सना झळ बसणार नाही.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे.

रुग्णालयाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो. त्यामुळे मोठी कपात माणसांपर्यंत पोहोचतेच. कुणाला थेट काढून टाकलं जात नाही, म्हणून ती चटकन दिसत नाही एवढंच. निवृत्त झालेल्याची जागा रिकामी राहते, कायम पदावर कंत्राटी माणूस येतो. वॉर्डबॉय कमी झाला की स्ट्रेचर ढकलणंही नर्सच्याच गळ्यात पडतं.

रात्रपाळीचंच बघा. रक्त चढवण्याआधी पिशवीवरचा रक्तगट, क्रमांक आणि रुग्णाची ओळख दोघांनी मिळून ताडून पाहायची, अशी पद्धत अनेक रुग्णालयांत आहे. वॉर्डात एकच नर्स असेल तर दुसरी शेजारच्या वॉर्डातून बोलवावी लागते. तेवढा वेळ तिथले रुग्ण कुणाच्या भरवशावर?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी, तर नर्स कामाने पार पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली.

पिचलेली माणसं नोकरी सोडतात. मग एजन्सीकडून जादा दराने तात्पुरते कर्मचारी आणावे लागतात आणि वाचवलेला पैसा तिकडे जातो.