तहानलेली क्लिप

गळीत हंगामात ऊसगाड्यांनी उखडलेल्या आष्टा-सांगली रस्त्यावरून जुनी मारुती ८०० किंवा सँट्रो नेली, की दारातून खुळखुळा वाजल्यासारखा आवाज येतो. त्यावरचे शेरे ठरलेले आहेत. एक, ‘दार खिळखिळं झालं, गाडी काढून टाका’. दुसरा, सेकंडहँड गाडी असेल तर हमखास, ‘ही गाडी लाभली नाही’. दोन्ही चूक. बहुतेक वेळा दाराच्या बिजागऱ्या आणि कुलूप शाबूत असतात. सैल झालेला असतो तो आतला डोअर पॅड, म्हणजे दाराचा पत्रा आतून झाकणारी फळी, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या आठ-दहा क्लिपा. धडधाकट गाडी ‘लाभत नाही’ म्हणून मातीमोल विकली जाते, पुढे लिंबू-मिरची बांधून नव्या मालकाच्या दारात उभी राहते, आणि आवाज तसाच. दोष नायलॉनच्या रेणूंत आहे आणि एका दुपारच्या कामाने तो निघतो.

क्लिप हातात घेऊन पाहा. वर दोन चकत्या, त्यांच्यामध्ये बारीक मान. ही मान पॅडच्या मागच्या किल्लीच्या भोकासारख्या खाचेत सरकून बसते. खाली बाणाच्या टोकासारखे पसरलेले पंख. हे पंख दाराच्या पत्र्यातल्या भोकातून आत जाताना मिटतात आणि पलीकडे गेल्यावर उघडतात. आता दहा-पंधरा वर्षे दारात राहिलेली क्लिप नव्या क्लिपेशेजारी ठेवा. जुनीचे पंख मिटल्यासारखे आत वळलेले दिसतील, आणि पंख जिथे दांड्याला जुळतात तिथे पांढुरकी रेघ उमटलेली असेल. ती कुठेही तुटलेली नसते. आपला मूळ आकार ती विसरलेली असते. सगळा खडखडाट या विसरण्यातून येतो, म्हणून इथे जरा थांबू या.

क्लिप अंगठ्याने सहज आत जाते, पण ओढून निघत नाही. याचे कारण उतारात आहे. आत जाताना पंखाचा उतार समजा ३० अंशांचा, आणि बाहेर येताना भोकाच्या कडेला अडणारा खांदा ६० अंशांचा. नायलॉन आणि पत्रा यांच्यातला घर्षणांक ०.३ धरू. पंख दाबून मिटवायला लागणारे बल ‘प’ असेल, तर क्लिप सरकवायला लागणारे बल = प × (घर्षणांक + टॅन कोन) ÷ (१ − घर्षणांक × टॅन कोन). ३० अंशांना उत्तर येते १.०६ प. ६० अंशांना ४.२ प. म्हणजे बाहेर काढायला चौपट जोर. कोन ७३ अंशांच्या पुढे गेला, तर छेद शून्यावर येतो आणि मग ती क्लिप तोडल्याशिवाय निघतच नाही. कोन एकदा साच्यात ठरला की बदलत नाही. घर्षणही फारसे बदलत नाही. वर्षांनुवर्षे बदलत जातो तो ‘प’.

उदाहरण म्हणून ८ मिलिमीटरचे भोक आणि ९.५ मिलिमीटर पसरलेले पंख घ्या. बाहेर यायला पंखांना एकूण दीड मिलिमीटर मिटावे लागते. पंख वळून ८.५ मिलिमीटरवर आले, तर अर्धाच मिलिमीटर मिटायचे उरते. ‘प’ एक तृतीयांश झाला आणि त्याबरोबर पकडही एक तृतीयांश. पण आवाज त्याच्याही आधी सुरू होतो. बसलेल्या क्लिपेचे पंख पूर्ण उघडत नाहीत, थोडे दाबलेलेच राहतात, आणि तिरक्या खांद्यामुळे पॅडला सतत पत्र्याकडे ओढून धरतात. हा ओढा संपला की पॅड आणि पत्रा यांच्यात केसाएवढी फट पडते. खड्ड्यागणिक पॅड त्या फटीत आपटतो. क्लिप जागेवर असते, तरी दार वाजते.

ओढा संपतो कसा? नायलॉन म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पंख दाबून ठेवला की या साखळ्या हळूहळू सरकून नव्या जागी स्थिरावतात, आणि दाबलेला आकार हाच त्यांचा मूळ आकार होऊन बसतो. याला ताण-शिथिलता म्हणतात. हिची चाल लॉगॅरिथमची आहे. पहिल्या ते दहाव्या दिवसात ताण जेवढा उतरतो, साधारण तेवढाच दहाव्या ते शंभराव्या दिवसात उतरतो. उष्णतेने ही चाल वेगावते. मे महिन्यात जतला किंवा आटपाडीला काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे जाते, तेव्हा एका दुपारी बरेच विसरणे उरकते.

आणि मग येते पाणी. वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली पहिले नायलॉन घडवले. त्या कुटुंबाचा एक स्वभाव आहे: ते पाणी पिते. नायलॉन ६ साधारण ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी शोषते, पाण्यात बुडवून ठेवले तर नऊ-दहा टक्क्यांपर्यंत. पाण्याचे रेणू साखळ्यांमधल्या हायड्रोजन बंधांत घुसतात आणि साखळ्यांना हालचालीची मोकळीक देतात. कोरडे नायलॉन ५०-६० अंशांच्या खाली काचेसारखे ताठ वागते. पाणी प्यायलेल्या नायलॉनची हीच मर्यादा खोलीच्या तापमानापर्यंत उतरते. म्हणून ओलसर क्लिप चिवट असते पण नरम, कोरडी क्लिप ताठ असते पण ठिसूळ. एकट्या सातारा जिल्ह्यात दोन्ही टोके आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. महाबळेश्वरची गाडी उघडली तर क्लिप आख्खी पण ढिली निघते. माणमधल्या दहिवडीची गाडी मेमध्ये उघडली तर मानेतून कटकन तुटते. म्हणून जुना पॅड उघडायचाच असेल, तर पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडावा.

नव्या क्लिपेलाही हेच लागू आहे. साच्यातून निघून सीलबंद पाकिटात राहिलेली क्लिप कोरडी असते आणि बसवतानाच तिचा पंख मोडू शकतो. ती उकळी आलेल्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून, पुसून बसवावी. मात्र हे फक्त नायलॉनला. ओळखायचे कसे? एका ग्लासात साधे पाणी आणि डिशवॉशचा एक थेंब घ्या, म्हणजे क्लिपेला बुडबुडे चिकटणार नाहीत. त्यात तरंगली तर ती पॉलिप्रॉपिलीनची, घनता ०.९. बुडाली तर दुसऱ्या ग्लासात १०० मिलिलिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ ढवळून विरघळवा. या पाण्याची घनता १.२ च्या जवळ जाते. नायलॉन (१.१४) यात वर येते, अॅसिटल हे क्लिपांचे तिसरे प्लॅस्टिक (१.४१) बुडूनच राहते. अॅसिटल फारसे पाणी पीत नाही, त्याला उकळायची गरज नाही. काचतंतू मिसळलेले नायलॉनही बुडते, पण पंखाच्या क्लिपांत ते क्वचित. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त क्लिप दिसायला सारखीच असते, पण ताण फार लवकर सोडते. ती घेऊ नये. भोक व्हर्नियरने मोजा आणि जुनी क्लिप सोबत नेऊन, मान आणि पंख दोन्ही जुळवून नवी घ्या. दोन-चार जास्तीच्या घ्याव्यात.

आता पॅड उतरवणे. आधी काच पूर्ण वर करा, आणि पॉवर विंडो असेल तर त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडा. काच हाताने फिरवायची असेल तर तिच्या हँडलचा फोटो काढून ठेवा. हँडलच्या मुळाशी, हँडल आणि मागच्या चकतीच्या फटीत, घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. जुन्या सुती बनियनची दोन बोटे रुंद चिंधी त्या फटीत घालायची आणि बुटाला पॉलिश करतो तशी दोन्ही टोके धरून घासायची. चिंधीचे धागे नालेच्या टोकांत अडकतात आणि ती उडून बाहेर येते. ती नेमकी सीटखाली जाते, म्हणून खाली टॉवेल अंथरा. मग आर्मरेस्टचे स्क्रू, आतल्या हँडलच्या कडीचा स्क्रू, आरशामागचे तिकोनी झाकण. काही स्क्रू छोट्या टोपीखाली दडलेले असतात. पॅड निघत नाही म्हणून ओढण्याआधी ते शोधा, नाहीतर पॅडला चीर जाते.

पत्र्याच्या कडेला मास्किंग टेप लावा. खालच्या मागच्या कोपऱ्यापासून, दोन दातांच्या चपट्या हत्याराने, क्लिपेच्या अगदी शेजारी उचला. दोन क्लिपांच्या मध्ये जोर लावला तर पॅडची खाच फाटते, आणि ती दुरुस्त करणे क्लिप बदलण्यापेक्षा कितीतरी कटकटीचे. सगळ्या सुटल्या की पॅड वर उचलून काचेच्या फटीतून सोडवा. मागे स्पीकरची आणि स्विचची वायर असते, हिसका देऊ नका. पत्र्यात अडकलेले क्लिपेचे तुकडे पक्कडीने बाहेर काढा. आत ढकलले तर ते दाराच्या तळाशी वाजत राहतात आणि पाण्याची वाट बुजवतात.

खाच फाटली असेल तर पॅड कशाचा आहे ते पाहावे. मागे कोनी कंसांत पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस (दुसरे एक कडक प्लॅस्टिक) अशी अक्षरे ठसवलेली असतात. एबीएसला इपॉक्सी चांगले धरते. पीपीला इन्स्टंट गोंद लावून उपयोग नाही, कारण त्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते की गोंद पसरतच नाही. कमळाच्या पानावरच्या थेंबासारखा तो वरच्यावर राहतो आणि वाळला की खपलीसारखा सुटतो. पीपीला सोल्डरिंग आयर्नने, पीपीच्याच कांडीने डाग द्यावा, मोकळ्या हवेत.

८०० आणि ओम्नीसारख्या गाड्यांत पॅड हार्डबोर्डचा, वर रेक्झीन. हार्डबोर्ड म्हणजे दाबलेले लाकडी तंतू. पाणी लागले की तो फुगतो, खाचेचा भुगा होतो आणि नवी क्लिपही त्यात टिकत नाही. पोकळ भाग कातरून काढा. ३ मिलिमीटर प्लायचा ५ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा, खाच कापून, मागून इपॉक्सीने चिकटवा. २४ तास दाबून ठेवा. प्लायच्या आणि पॅडच्या सगळ्या उघड्या कडांना वॉर्निश लावायला विसरू नका. सुटलेल्या रेक्झीनला एसआर प्रकारचा, म्हणजे सिंथेटिक रबराचा, चिकट गोंद दोन्ही बाजूंना लावून, दहा-पंधरा मिनिटे बोटाला न लागेल इतका वाळू द्यावा आणि मगच दाबावा. जुनी गाडी विकत घेताना हाच हार्डबोर्ड साक्षीदार असतो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. पॅडच्या खालच्या कडेला चारही दारांत एकाच उंचीवर फुगवटा आणि गाळाची बारीक रेघ दिसली, तर गाडी पाण्यात उभी होती असे समजावे.

पण एरवीही पॅडला पाणी लागते कुठून? काचेवरचा पाऊस बाहेरच्या रबरपट्टीतून दारात उतरतोच, दार तसेच बनवलेले असते. खालच्या भोकांतून तो बाहेर जातो. पॅड आणि पत्रा यांच्यातला प्लॅस्टिकचा कागद पॅडला कोरडा ठेवतो. स्पीकर बसवताना तो कागद फाडून टाकणे, ही जुन्या गाड्यांत सर्रास दिसणारी चूक. जाड पॉलिथिन कापून ब्यूटाईल टेपने, म्हणजे चिकट रबरी पट्टीने, कडेकडेने चिकटवा, आणि खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत सोडा, म्हणजे ओघळ आतच पडेल. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन इथे लावू नका, त्यातले आम्ल पत्रा गंजवते. भोकाची कड गंजली असेल तर घासून रेड ऑक्साईड लावा.

पॅड परत बसवताना आधी वरची कड काचेच्या फटीत अडकवा. मग प्रत्येक क्लिप भोकासमोर आली आहे हे डोळ्याने पाहून तळहाताच्या टाचेने एकेक ठोका. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. दबका आवाज आला तर पंख दुमडला आहे, काढून पुन्हा बसवा. पॅड जिथे पत्र्याला टेकतो तिथे फोमची पट्टी चिकटवली, तर उरलेली करकरही जाते. शेवटी काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि दाराखाली हात धरा. पाणी काही क्षणांत खालच्या भोकांतून ठिबकले पाहिजे. न ठिबकले, तर भोकांत माती बसली आहे. तारेने ती मोकळी करा आणि पुन्हा एक तांब्या ओता.