खाडीवर यंदा पिल्लं किती?

ठाण्याच्या खाडीवर पक्षी बघायला चाललोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "रोहित आले का?" सप्टेंबर-ऑक्टोबरात याचं उत्तर बहुतेक वेळा 'अजून नाही' असंच असतं. रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, मोठे थवे थंडीच्या तोंडावर येतात आणि मग निम्मं शहर कॅमेरे गळ्यात घालून खाडीकाठी जमतं. मला त्याआधीचे दोन महिने जास्त आवडतात. पाऊस ओसरत आलेला, तिवरांची पानं धुऊन निघालेली, ऑक्टोबरचा उकाडा अंगाला चिकटलेला, आणि उघड्या पडलेल्या चिखलावर मातकट रंगाचे शेकडो पक्षी माना खाली घालून पळत असतात. कुणी चिमणीएवढा, कुणी साळुंकीएवढा. लांबून सगळे सारखेच. नवखा माणूस पाच मिनिटांत कंटाळून मोबाइल काढतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

पण या पक्ष्यांना विचारण्यासारखा एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फक्त शरदातच मिळतं: यातले यंदा जन्मलेले किती?

जागेबद्दल थोडक्यात. मुंबई आणि नवी मुंबई यांच्या मधल्या या खाडीचा सुमारे 1690 हेक्टर भाग 2015 साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. 2022 मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेलं. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं. पक्ष्यांच्या दोनशेवर जातींची इथे नोंद आहे. ऐरोलीचा काठ पूर्वेला आणि भांडुपचा पश्चिमेला. त्यामुळे सकाळी ऐरोलीहून पाहिलं तर ऊन पाठीशी राहतं, भांडुपहून पाहिलं तर थेट डोळ्यांत. संध्याकाळी उलट. ही साधी गोष्ट कळायला मला एक अख्खा मोसम लागला. त्या मोसमातले माझे सगळे पक्षी काळ्या सावल्यांचे आहेत.

दुसरी गोष्ट भरतीची. पहिल्यांदा गेलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. चिखल दूरवर पसरलेला आणि पक्षी पार पलीकडे, मोहरीच्या दाण्यांएवढे. काठावर जाळं विणत बसलेले एक कोळीदादा म्हणाले, "साहेब, घड्याळ बघून काय येता? तिथी बघून या." मग त्यांनी मला पाऊणपटीचा हिशेब शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तेवढीच सरकते; पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, हा त्याचा तोंडी करता येणारा ठोकताळा. पक्षी बघणाऱ्यासाठी याचा अर्थ इतकाच की द्वादशी-त्रयोदशीला सकाळी सात-साडेसातला काठावर हजर राहायचं. पाणी चढू लागतं, चिखल अरुंद होत जातो आणि पक्षी आपल्या पायांनी तुमच्याकडे चालत येतात.

आता त्या मातकट गर्दीतला एकच पक्षी घेऊ: कर्ल्यू सँडपायपर. सँडपायपरांना मराठीत तुतारी म्हणतात. ही बाकदार चोचीची तुतारी, वजनाला साठ ग्रॅमच्या आसपास. तिची वीण होते सैबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमिर द्वीपकल्प आणि त्याच्या आजूबाजूच्या टुंड्रा प्रदेशात. तिथून मुंबई सरळ रेषेत मोजली तरी सहा हजार किलोमीटरांहून लांब.

ऑगस्ट-सप्टेंबरात दुर्बिणीतून नीट पाहिलं की थव्यात दोन तऱ्हेचे कपडे दिसतात. काही पक्ष्यांच्या पोटावर विटकरी रंगाचे ठिगळासारखे डाग असतात. विणीच्या दिवसांत हे पक्षी गळ्यापासून पोटापर्यंत विटकरी होते. आता तो रंग उतरतोय, त्याजागी राखाडी-पांढरी पिसं येताहेत, पाठीवरच्या पिसांच्या कडा झिजून फाटल्यात. गेल्या दिवाळीचा सदरा वर्षभर रोज घातला तर दिसेल तसे. हे प्रौढ. दुसरे मात्र इस्त्रीचे कपडे घालून आल्यासारखे. पाठीवरचं प्रत्येक पीस नवं, प्रत्येकाला फिकट किनार, त्यामुळे पाठ माशाच्या खवल्यांसारखी रेखीव, आणि छातीवर पिकल्या पीचसारखी हलकी झाक. हीच यंदाची पिल्लं. सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली असल्याने सगळी सारखीच ताजी. नोव्हेंबर सरेपर्यंत हा फरक पुसट होतो. पिल्लंही राखाडी हिवाळी पिसं चढवतात आणि वय ओळखणं तज्ज्ञाचं काम होऊन बसतं. म्हणून शरद.

पिल्लं प्रौढांच्या मागून येतात, आणि त्यामागे एक विलक्षण कौटुंबिक व्यवस्था आहे. या तुतारीचा नर जोडी जमेपर्यंतच घरात. मादी अंड्यांवर बसली की त्याचं काम संपतं आणि जुलै उजाडेपर्यंत तो दक्षिणेच्या वाटेला लागलेला असतो. मादी एकटी चार अंडी उबवते आणि पिल्लांना सांभाळते. सांभाळते म्हणजे भरवत नाही. पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून स्वतःच किडे टिपतात, आई ऊब देते आणि राखण करते. पिल्लं उडू लागली की तीही निघते. मागे राहतात जेमतेम काही आठवड्यांची पोरं. ती काही दिवस खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि मग कधीही न पाहिलेल्या दिशेला, वाट माहीत असलेलं कुणीही सोबत नसताना उडतात.

वाट कशी सापडते? याचं सर्वांत देखणं उत्तर किनाऱ्यावरच्या पक्ष्यांवरून मिळालेलं नाही, स्टार्लिंगवरून मिळालं. शरदात आपल्याकडे थव्याने उतरणाऱ्या भोरडीचा हा चुलतभाऊ. डच शास्त्रज्ञ पर्डेक यांनी नेदरलँड्समध्ये वाटेवर पकडलेले अकरा हजारांवर स्टार्लिंग विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. 1958 साली निष्कर्ष छापून आले. प्रौढ पक्ष्यांनी आपण भलतीकडे आलोय हे ओळखलं, दिशा बदलली आणि ते नेहमीच्या मुक्कामाच्या रोखाने वायव्येकडे वळले. पिल्लांनी मात्र जन्मजात मिळालेली दिशा सोडली नाही. ती तशीच नैर्ऋत्येच्या रोखाने उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये जाऊन पोहोचली. म्हणजे पिल्लाकडे नकाशा नसतो. 'या दिशेला, इतके दिवस' एवढी सूचना रक्तातून आलेली असते. दिशा धरायला सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. नकाशा पहिल्या फेरीत तयार होतो. चिखलावरच्या त्या खवल्यांच्या पाठीकडे पाहताना मला दर वेळी हे आठवतं: हा पक्षी इथे आलाय, पण आपण कुठे पोहोचायचं होतं हे त्याला पोहोचल्यावर कळलंय.

आणि हे कोवळे पंख काय करू शकतात याचा पुरावा हवा असेल तर ऑक्टोबर 2022 मधला पट्टेरी शेपटीचा गॉडविट पाहा. अलास्काहून निघालेला हा पक्षी टास्मानियात उतरला. 11 दिवस, 13,560 किलोमीटर, मध्ये एकही थांबा नाही. पाठीवर बसवलेल्या उपग्रह-यंत्रामुळे हे कळलं. वय सुमारे पाच महिने. अशा उड्डाणाआधी गॉडविट इतके लठ्ठ होतात की निघताना निम्म्याहून जास्त वजन चरबीचं असतं, आणि जागा-ओझं वाचवायला आतडी, यकृत, पेषणी आकसतात. पोहोचल्यावर ती पुन्हा वाढतात. पट्टेरी शेपटीचा गॉडविट आपल्या किनाऱ्यावरही दिसतो, फार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. पिल्लं मोजून काय मिळतं?

तैमिरच्या टुंड्रात लेमिंग नावाचा गुबगुबीत, उंदरासारखा प्राणी आहे. त्याची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या चक्रात फुगते आणि कोसळते. लेमिंगांचं पेव फुटतं त्या वर्षी ध्रुवीय कोल्हे, हिमघुबडं, स्कुआ पक्षी सगळे त्यांच्यावरच पोट भरतात. कोल्ह्यांनाही भरपूर पिल्लं होतात. तुताऱ्यांच्या घरट्यांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पुढच्या वर्षी लेमिंग कोसळतात, भुकेली तोंडं मात्र वाढलेली असतात, आणि ती जमिनीवरच्या घरट्यांकडे वळतात. अंडी जातात, पिल्लं जातात. त्या शरदात दक्षिणेच्या किनाऱ्यांवर जवळजवळ फक्त झिजलेल्या सदऱ्याचे प्रौढ उतरतात.

हे कोडं सुटलं तेही दूरवरच्या मोजण्या शेजारी ठेवून. दक्षिण आफ्रिकेत मुक्कामाला जाणाऱ्या बाकदार तुताऱ्यांमधलं पिल्लांचं प्रमाण आणि पश्चिम युरोपात उतरणाऱ्या ब्रेंट हंसांमधलं पिल्लांचं प्रमाण बरोबरीने वरखाली होत होतं. एक चिखलातले किडे खाणारी, दुसरा गवत खाणारा. मुक्काम दोन वेगळ्या खंडांत. सामाईक काय, तर तैमिर आणि तिथले लेमिंग. ऐरोलीच्या काठावर उभा राहून मी पिल्लं मोजतो तेव्हा एका अर्थी ध्रुवीय उंदरांचीच खानेसुमारी करत असतो. घरी हे सांगितलं की लोक काळजीने पाहतात.

अर्थात मोजणीत फसायला भरपूर वाव आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला मोजलंत तर पिल्लं शून्य, कारण ती आलेलीच नाहीत. एकाच कोपऱ्यात मोजलंत तरी चूक, कारण चिखलाची चांगली जागा बहुधा प्रौढ धरून असतात आणि पोरं कडेकडेने चरतात. एका वर्षाच्या आकड्याला काही अर्थ नाही. दहा वर्षांचे आकडे ओळीने लागले तर चढउतार बोलू लागतात. आणि जूनमध्ये खाडीवर तुरळक तुताऱ्या दिसल्या तर गोंधळू नका. बहुतेक वर्षभरापूर्वीची पिल्लं असतात. पहिल्या उन्हाळ्यात त्यातली बरीच उत्तरेला परततच नाहीत.

या चक्राखाली आता आणखी एक गोष्ट हलतेय. तैमिरमध्ये वीण करणाऱ्या रेड नॉट या तुतारीच्याच भाऊबंदावर 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन दशकांत तिथला बर्फ लवकर वितळू लागला, म्हणजे किड्यांचा भर लवकर ओसरू लागला, आणि पिल्लं जन्मतात तोवर ताट निम्मं रिकामं. लवकर बर्फ वितळलेल्या वर्षांतली पिल्लं आकाराने लहान आणि चोचीने आखूड निघाली. याची किंमत ती चुकवतात पश्चिम आफ्रिकेत, मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर. तिथलं चांगलं खाद्य म्हणजे खोल गाळातल्या शिंपल्या, आणि आखूड चोच तिथवर पोहोचत नाही. अशी पोरं फार जगत नाहीत. चोचीचे चार-दोन मिलिमीटर किती मोलाचे, हे चिखल्यांना (प्लोव्हर) आणि तुताऱ्यांना शेजारीशेजारी चरताना पाहिलं की पटतं. चिखल्या डोळ्यांनी शोधतो: पळतो, थबकतो, टिपतो. तुतारी चोचीने चाचपते. चोचीच्या टोकाशी दाबाची जाणीव देणारी सूक्ष्म केंद्रं दाटीने असतात, आणि बंद चोचीचं फक्त टोक उघडून गाळातला किडा चिमटीत धरता येतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये बाकदार चोचीच्या तुतारीची नोंद धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत 'संकटाच्या उंबरठ्यावर' या पायरीवरून 'असुरक्षित' या पायरीवर गेली. थवे अजून दिसतात, म्हणून हे डोळ्यांना पटत नाही. वाटेवरचे चिखलपट्टे भरावाखाली गेले की पक्षी एका रात्रीत नाहीसे होत नाहीत. आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे: भरतीला चिखल बुडतो तेव्हा हे पक्षी बसणार कुठे? तिवरांच्या दाटीत ते बसत नाहीत, उघडी, उथळ जागा लागते. भांडुप-कांजूरची मिठागरं, नवी मुंबई आणि उरणच्या पाणथळी ही त्यांची भरतीच्या वेळची ओसरी. अभयारण्याच्या नकाशात रेष खाडीभोवती आहे. पक्ष्यांचा दिवस त्या रेषेच्या आतबाहेर जातो.

जाणार असाल तर एकच सांगतो, पायांकडे बघा. एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी आणि तिच्यावर अक्षरं दिसली तर ती टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळवा.

मागच्या द्वादशीला पाणी अगदी पायाशी आलं होतं. तुताऱ्यांचा थवा समोर पन्नास पावलांवर, ऊन पाठीशी, सगळं मनासारखं. डावीकडून मोजायला लागलो: प्रौढ, प्रौढ, पिल्लू, प्रौढ, पिल्लू, पिल्लू. छपन्नाव्या पक्ष्यावर होतो तेवढ्यात तिवरांवरून दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगत आला. सगळा थवा एका अंगाने उठला, पांढरा झाला, वळला, करडा झाला आणि मिठागरांच्या दिशेने गेला. वहीत 'छपन्न' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.