ला मासिया

ला मासिया हे बार्सिलोना फुटबॉल क्लबच्या युवा प्रशिक्षणव्यवस्थेचे रूढ नाव. कातालान भाषेत मासिया म्हणजे शेतावरचे घर. क्लबच्या कॅम्प नोऊ मैदानालगत १७०२ मध्ये बांधलेले असे एक दगडी घर होते. तेथे २० ऑक्टोबर १९७९ रोजी परगावच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. २०११ मध्ये ते सांत जोआन देस्पी येथील क्रीडासंकुलात हलले, नाव मात्र जुनेच राहिले.

येथील खेळाचा विचार या वसतिगृहाहून जुना आहे. आधी मुले निवडताना उंची आणि ताकद पाहिली जाई. १९७२ मध्ये युवा संघांकडे आलेल्या लाउरेआनो रुईस यांनी चेंडूवरील हुकमतीला आधी मान दिला आणि 'रोंदो' रुजवला. यात मुले वर्तुळात उभी राहून एका स्पर्शात चेंडू फिरवतात. मधल्या एकदोघांवर राज्य असते. दिसायला हा पोरखेळ, पण अपुऱ्या जागेत मान वर ठेवून निर्णय घेण्याची सवय याच वर्तुळात लागते.

१९८८ मध्ये योहान क्रायफ मुख्य प्रशिक्षक झाले आणि या विचाराला वरून आधार मिळाला. त्यांची ३-४-३ रचना (तीन बचावपटू, चार मधल्या फळीत, तीन आक्रमक) खालच्या वयोगटांतही आली, म्हणून वरच्या संघात गेलेल्या मुलाला नव्याने काही शिकावे लागत नसे. डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या संघातून खेळलेले, येथेच वाढलेले पेप ग्वार्दिओला अंगाने किरकोळ होते. जुन्या निकषावर ते कदाचित टिकले नसते. पुढचे एक प्रशिक्षक लुई व्हान गाल कडक शिस्तीचे, तरी चावी, पुयोल आणि इनिएस्ता यांना पहिली संधी त्यांनीच दिली. ग्वार्दिओला २००८ मध्ये ब (राखीव) संघाचे प्रशिक्षकपद सोडून मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले, ते बुस्केट्स आणि पेद्रो यांना घेऊनच. २०१० च्या बॅलन डी'ओर या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी अंतिम तिघे मेस्सी, इनिएस्ता आणि चावी होते. तिघेही येथेच घडलेले, तिघेही १.७० मीटरच्या आसपास. २५ नोव्हेंबर २०१२ रोजी लेव्हान्ते संघाविरुद्ध काही काळ बार्सिलोनाचे मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू ला मासियाचे होते.

प्रशिक्षक बदलला म्हणून रोंदो बंद पडत नाही. बदलते ते वरच्या संघाचे दार किती उघडे राहते, हे. प्रशिक्षक लुईस एन्रिके यांच्या काळात (२०१४–१७) मेस्सी, सुआरेझ आणि नेमार यांच्या वेगवान आक्रमणावर भर होता. २०१५ मध्ये तीन मोठी विजेतेपदे मिळाली, पण खालून वर येणारे थोडेच उरले. २०१७ मध्ये नेमार २२ कोटी २० लाख युरोंना गेला आणि क्लबने देम्बेले व कोतिन्यो या बाहेरच्या खेळाडूंवर प्रचंड रक्कम ओतली. त्या वर्षांत आपल्याच अंगणातल्या मुलांकडे झालेले दुर्लक्ष क्लबला फार महागात पडले. पुढे कर्ज वाढले, महागडी खरेदी अवघड झाली आणि दार पुन्हा उघडले. चावी यांनी प्रशिक्षक म्हणून एप्रिल २०२३ मध्ये ला मासियातल्या पंधरा वर्षांच्या लामिन यामालला मैदानात उतरवले.

२०२४ मध्ये आलेले जर्मन प्रशिक्षक हान्सी फ्लिक या परंपरेतले नव्हेत. त्यांचा संघ चेंडू लवकर पुढे नेतो आणि बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत चढवतो, त्यामुळे मागे मोकळी जागा राहते. हा जुगार त्यांनी ला मासियाच्याच पोरांच्या भरवशावर खेळला. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी माद्रिदमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध त्या बचावफळीच्या मध्यभागी सतरा वर्षांचा पाउ कुबार्सी होता. चेंडू मिळण्याआधीच त्या फळीच्या पलीकडे गेल्याने रेआलचे खेळाडू १२ वेळा ऑफसाइड सापडले आणि बार्सिलोनाने सामना ४–० असा जिंकला.