‘सतराव्या भागापर्यंत थांब’: शील्डच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

रविवारी सकाळी मिसळ खायला जमलं की आमच्या नाशिककर मार्व्हलवेड्यांच्या कंपूत एक वाद हमखास निघतो. ‘एजंट्स ऑफ शील्ड’ ही मार्व्हलच्या जगातल्या शील्ड या गुप्तहेर संघटनेवरची अमेरिकन मालिका पुढे पुढे सुधारली, की आपल्याला तिची सवय झाली? मालिका संपली १२ ऑगस्ट २०२० ला. सात सीझन, १३६ भाग. तरी वाद संपत नाही. एक जण म्हणतो, पहिल्या सीझनमध्ये त्यांनी नुसत्या पाट्या टाकल्यात. दुसरा म्हणतो, सतराव्या भागापर्यंत थांब आणि मग बोल. (पुढे कथानकातली गुपितं उघड केली आहेत. मालिका पाहायची असेल तर आधी पाहून या.)

सुरुवात २०१२ च्या ‘ॲव्हेंजर्स’पासून करावी लागते. त्या चित्रपटात लोकी या खलनायकाने शील्डचा एजंट फिल कोल्सनला मारलं. कोल्सन सुपरहिरो नव्हता. तो सूट घातलेला, कॅप्टन अमेरिकाची जुनी कार्डं जपणारा सरकारी माणूस होता. त्याचंच जाणं लोकांना इतकं लागलं की ‘कोल्सन जिवंत आहे’ ही चाहत्यांची मोहीमच झाली. पुढच्या वर्षी एबीसी वाहिनीने क्लार्क ग्रेगला त्याच भूमिकेत परत आणलं. २४ सप्टेंबर २०१३ ला पहिला भाग लागला आणि अमेरिकेत तो सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. पुढच्या काही आठवड्यांतच हा आकडा उतरायला लागला.

का उतरला, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ४ एप्रिल २०१४ ला कॅप्टन अमेरिकाचा ‘विंटर सोल्जर’ येणार होता आणि त्यात शील्ड ही संघटनाच कोसळणार होती, कारण हायड्रा या शत्रू संघटनेची माणसं वर्षानुवर्षं तिच्या आत बसलेली होती. म्हणजे ज्या संघटनेच्या नावाने मालिका चालली होती, तिचं खरं रूप मालिकेला सांगता येत नव्हतं. चित्रपटाचं गुपित फुटून चालणार नव्हतं. मग १६ भाग काय दाखवायचं? दर आठवड्याला एक विचित्र वस्तू, एक विमान, एक मोहीम. कोल्सन परत कसा आला याचं रहस्य मध्ये मध्ये पुढे सरकायचं, पण मूळ कथा जागीच उभी. ८ एप्रिलला, चित्रपटानंतर चौथ्या दिवशी, सतरावा भाग लागला आणि कोल्सनच्या टीममधला सरळमार्गी वाटणारा ग्रँट वॉर्ड हायड्राचा निघाला.

आता सहावा भाग परत पाहा. टीममधली शास्त्रज्ञ सिमन्स हिला परग्रहावरच्या विषाणूची बाधा होते, इतरांना लागण होऊ नये म्हणून ती विमानातून उडी घेते आणि वॉर्ड पॅराशूट घेऊन तिच्यामागे झेपावतो. पहिल्यांदा पाहताना हा नेहमीचा हिरो वाटतो. वॉर्ड कोण आहे हे माहीत असताना तेच दृश्य पाहवत नाही. म्हणून ‘पाट्या टाकल्या’ हे मला मान्य नाही. ते भाग संथ आहेत, काही खरोखर कच्चे आहेत, पण वाया गेलेले नाहीत.

तरी विरोधी बाजूच्या मित्रांना चूक म्हणता येत नाही, कारण त्यांनी ही मालिका वेगळ्या रीतीने पाहिली. आमच्यातले काही जण आठवड्याला एक भाग पाहणारे. मधल्या सुट्ट्या धरून सतराव्या भागापर्यंत पोचायला साडेसहा महिने लागले. एवढा धीर धरायला त्यांना कारणच दिसलं नाही. हॉस्टेलवरच्या मुलांकडे हार्ड डिस्कवरून अख्खा सीझन एकदम आला. ते चार दिवसांत सतराव्या भागावर होते. आणि काही जण थेट २०२० च्या लॉकडाउनमध्ये, सगळं आयतं समोर असताना बसले. मालिका तीच, पण ‘कधी सुधारली’ याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं, आणि ते बहुतेक वेळा तो कुठे सोडून गेला यावर ठरतं.

थोरल्या मंडळींच्या मनात आणखी एक जुनी जखम होती, ती ‘हीरोज’ची. २००६ मध्ये ती मालिका काय दणक्यात सुरू झाली होती! पुढच्याच वर्षी हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला, दुसरा सीझन ११ भागांवर थांबला आणि ती गाडी परत रुळावर आलीच नाही. सुपरहिरो मालिका चढते आणि मग घसरते, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं. शील्डचा प्रवास उलटा आहे हे त्यांना पटवणं अजूनही जड जातं.

चढ खरा दिसायला लागला तो दुसऱ्या सीझनपासून, टीममधल्या स्कायला शक्ती मिळून तिची डेझी झाली तेव्हा. २०१५ च्या सिंहस्थाचं तिसरं शाहीस्नान १८ सप्टेंबरला झालं, शहर जरा मोकळं झालं आणि २९ तारखेला तिसरा सीझन सुरू झाला. त्यातला ‘४,७२२ अवर्स’ हा पाचवा भाग जवळपास पूर्णपणे सिमन्सचा आहे: परका ग्रह, सूर्य नाही, फोनची बॅटरी आणि ती. एलिझाबेथ हेन्स्ट्रिजने तो जसा पेलला आहे, तसं काम मी सुपरहिरो मालिकेत फार थोडं पाहिलं आहे.

चौथ्या सीझनने तर २२ भागांचं जुनं दुखणंच ओळखलं. एकच कथा ताणण्याऐवजी त्याचे तीन तुकडे केले: पेटत्या कवटीचा घोस्ट रायडर, मग माणसांच्या हुबेहूब यंत्रप्रती, मग हायड्राचं राज्य असलेलं आभासी जग. रात्री दहाची वेळ मिळाल्याने अंधारही जास्त दाखवता आला. आमच्याकडे हा सीझन श्रेष्ठ हे दोन्ही बाजू मान्य करतात. भांडण फक्त ‘तिथवर पोचायचं का’ एवढंच उरतं.

पाचवा सीझन कदाचित शेवटचा ठरेल म्हणूनच लिहिला होता. नंतर १३-१३ भागांचे दोन सीझन मिळाले. चित्रपटांत थॅनॉस या खलनायकाच्या चुटकीने अर्धं विश्व नाहीसं झालं, पण शील्डने ते दाखवलंच नाही. तोवर चित्रपटांशी असलेली नाळ जवळजवळ तुटली होती. काहींना हा मोठा दोष वाटतो. कोल्सन जिवंत आहे हे ॲव्हेंजर्सना पडद्यावर कधी कळलंच नाही, ही खंत मलाही आहे. पण ज्या चित्रपटामुळे पहिले १६ भाग अडून राहिले, त्याच दोरीतून सुटल्यावर लेखक मोकळे झाले, असं मला वाटतं.

शेवटच्या भागात टीम पांगलेली आहे. वर्षानंतर सगळे एका टेबलाभोवती बसतात, पण प्रत्यक्षात नाही. जो तो आपापल्या जागी, भेट आभासी. चित्रीकरण कोरोनाच्या आधीच, २०१९ मध्ये झालेलं. त्या ऑगस्टमध्ये मिसळीच्या जागी बसून खायला बंदी होती, फक्त पार्सल मिळायचं. आमचा अर्धा कंपू पुण्यात अडकलेला, बाकीचे इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोडला आपापल्या घरात. ते दृश्य झाल्यावर आम्ही व्हिडिओ कॉल लावला. पहिल्या सीझनला सर्वांत जास्त शिव्या घालणारा मित्र बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “पहिल्यापासून परत लावू या का?”