अंगठीतला अणुबॉम्ब आणि चांदीचे बूट

अद्भुतकथेतील राक्षस, अंगठी किंवा जादूची नगरी म्हणजे प्रत्यक्ष जगातील अमुकच, असे सांगण्याची सवय कादंबरी या प्रकाराहून कितीतरी जुनी आहे. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्त या ग्रंथात, इंद्राने मारलेला ‘वृत्र कोण?’ असा प्रश्न येतो आणि त्याला दोन उत्तरे दिली आहेत: नैरुक्तांच्या, म्हणजे व्युत्पत्तीवरून अर्थ लावणाऱ्यांच्या मते वृत्र म्हणजे मेघ, तर ऐतिहासिकांच्या, म्हणजे कथा घडलेली मानणाऱ्यांच्या मते तो त्वष्ट्याचा पुत्र असलेला असुर. ग्रीकांमध्ये इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील थिएजेनीस याने होमरच्या काव्यातील देवांच्या लढाया म्हणजे अग्नी, जल अशा तत्त्वांचा परस्परविरोध असल्याचे सांगितले. देव आपसांत हाणामारी करतात, हे ज्यांना खटकत होते त्यांच्यापासून काव्याचा बचाव करण्याचा तो मार्ग होता. म्हणजे गूढार्थ शोधण्याची पहिली गरज पुष्कळदा अडचणीतून निर्माण झालेली दिसते.

या पद्धतीवरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादात उत्तरवाऱ्याचा देव बोरियास एका राजकन्येला पळवून नेतो, या कथेचा विषय निघतो. वाऱ्याच्या झोताने ती कड्यावरून पडली असे म्हणता येईल, पण मग नरतुरंग आणि कायमीरा अशा मिश्रदेही प्राण्यांचाही खुलासा करत बसावे लागेल आणि तेवढी सवड आपल्याला नाही, असे सॉक्रेटिस सांगतो. एकोणिसाव्या शतकात मॅक्स म्युल्लर यांनी असंख्य पुराणकथांमागे सूर्याचा उदयास्त पाहिला, तेव्हा लिटलडेल नावाच्या धर्मोपदेशकाने १८७० साली त्याच रीतीने खुद्द मॅक्स म्युल्लर हीच एक सूर्यकथा असल्याचे ‘सिद्ध’ करून दाखवले. या पद्धतीचे याहून नेमके खंडन माझ्या वाचनात नाही.

लेखक आणि साल ठाऊक असलेल्या आधुनिक अद्भुतकथेच्या बाबतीत हा वाद अधिक तपशिलात तपासता येतो. फ्रँक बॉम यांचे ओझच्या जादूगाराचे पुस्तक १९०० साली निघाले आणि आजच्या मुलांच्या करमणुकीसाठीच ते लिहिले आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले. १९६४ मध्ये हेन्री लिटलफील्ड या इतिहासशिक्षकाने एका लेखात त्याचा वेगळाच उलगडा केला. पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सुवर्णमानक, अर्थात चलनाचे मूल्य सोन्याशी बांधण्याची पद्धत, नायिका डोरोथीचे चांदीचे बूट म्हणजे अमेरिकी डॉलरचे नाणे चांदीतही मुक्तपणे पाडावे ही मागणी, बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा माणूस म्हणजे कामगार आणि भित्रा सिंह म्हणजे १८९६ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत चांदीच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन. पुढच्या वाचकांनी ‘ओझ’ म्हणजे सोने-चांदी तोलण्याच्या औंस या मापाचे इंग्रजी संक्षिप्त रूप (oz), अशी भर घातली आणि १९९० मध्ये ह्यू रॉकॉफ यांनी अर्थशास्त्राच्या नियतकालिकात चलनविषयक रूपककथा म्हणून तिची सविस्तर मांडणी केली.

गंमत अशी की १९३९ च्या चित्रपटात हे बूट माणकांचे, लालभडक झाले. तेव्हा केवळ चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने या अर्थाचा मुख्य खिळाच निखळलेला असतो. शिवाय १८९६ मध्ये बॉम यांनी ब्रायन यांच्या नव्हे, तर त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकिन्ली यांच्या बाजूची कविता छापली होती. शेवटी १९९२ मध्ये, बॉम शेतकरी-कामगारांच्या त्या ‘पॉप्युलिस्ट’ राजकीय चळवळीचे समर्थक होते असे मानायला आधार नाही, हे खुद्द लिटलफील्ड यांनीही मान्य केले. मुळात विद्यार्थ्यांना त्या काळाचा इतिहास समजावा, यासाठी त्यांना ही तुलना उपयोगी पडली होती आणि त्या कामासाठी ती आजही चांगली आहे. ती लेखकाच्या माथी मारली जाते, तिथे घोटाळा होतो.

हाच भेद टॉल्किन यांनी १९६०च्या दशकात आपल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात मांडला. १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कथेतील सर्वनाशी अंगठीत अनेकांनी अणुबॉम्ब पाहिला होता. प्रत्यक्षात अंगठीचे स्वरूप उलगडणारे प्रकरण कथेच्या सर्वांत जुन्या भागांपैकी असून १९३९ चे महायुद्धाचे संकट अटळ दिसू लागण्याच्या बऱ्याच आधी लिहिले गेले होते, असे त्यांनी सांगितले. रूपक असणे वेगळे आणि लागू पडणे वेगळे: पहिल्यात लेखकाची हुकमत असते, तर दुसऱ्यात वाचकाला मोकळीक. मला ही विभागणी बव्हंशी पटते, मात्र १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर असलेल्या माणसाच्या कथेत युद्धाचे काहीच उतरले नसेल, असे तिच्यावरून ठरत नाही आणि तसा दावा त्यांनीही केलेला नाही.

आपली कथा दुसऱ्या महायुद्धाचे रूपक असती तर ती कशी घडली असती, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवले आहे: अंगठी नष्ट न होता हस्तगत होऊन तिचा निर्माता, खलनायक सौरॉन याच्याविरुद्ध वापरली गेली असती, त्याचा बालेकिल्ला जमीनदोस्त न होता ताब्यात घेतला गेला असता आणि दोन्ही बाजूंच्या तिरस्काराचे धनी झालेले हॉबिट, म्हणजे कथेतील बुटके नायक, गुलाम म्हणूनही फार काळ तगले नसते.