‘मनाला येईल तसं घासतात’? नाही!

नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींत एक समज वर्षानुवर्षं पक्का बसलाय: अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम यांच्या ‘ब्लॅक एंजल्स’ या रचनेत चौघे वादक मनाला येईल तसं वाजवतात, आणि वाद्याशी असली झटापट ही अलीकडची टूम आहे. दोन्ही चूक.

१९७० सालची ही रचना दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठी आहे. वाद्यांचा आवाज विजेवर मोठा केलेला. वादक शिवणकामातलं अंगुस्तान घातलेली बोटं तारांवर भरभर आपटतात, पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडेवरून गज ओढतात. हे सगळं लिहून दिलेलं आहे. एकूण १३ भाग, आणि मांडणी १३ व ७ या आकड्यांभोवती बांधलेली. पेल्यांत पाणी किती, यावर स्वर ठरतो, म्हणजे ते आधी सुरात लावावेच लागतात. जलतरंग ऐकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

टूम म्हणावी, तर १६७३ मध्येच युरोपातले संगीतकार बीबर यांनी ‘बातालिया’ या रचनेत मोठ्या तंतुवाद्याच्या तारेला कागद लावून रणवाद्याचा खरखरता आवाज काढायला लावला होता. आणि आपण? सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात मैफलीआधी तंबोरा लागताना पाहा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकतो, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एकदम जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, खुलते. त्या धाग्याला आपण कधी चाळा म्हटलेलं नाही.